अकरा नंबर खोलीची तक्रार

सोमवार, २७ मे २०२४

आज पहिला दिवस, आणि मजेत गेला. सकाळी लोअर हटहून उलट्या दिशेची ट्रेन पकडली. अख्खं गाव वेलिंग्टनला ऑफिसात निघालेलं आणि मी एकटी खोऱ्यात वरच्या बाजूला. डब्यात मोजून चार माणसं.

कॉलेज इथल्या एका माओरी जमातीनं स्वतः उभं केलेलं आहे. दोनशेच्या आसपास विद्यार्थी, नदीकाठाला एक लांबट बैठं हॉस्टेल. नव्या माणसाचं स्वागत रीतसर होतं. ते बोलतात, मग आपण बोलायचं, आणि बोलून झालं की गाणं म्हणायचं. गाण्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझं बोलणं संपलं तरी सगळे माझ्याकडे बघतच होते. शेवटी आई भाकरी थापताना म्हणायची त्यातली दोन कडवी म्हटली. पुढच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई डोळे पुसायला लागल्या. त्या फाया रीपेका. फाया म्हणजे मावशी, इथे मोठ्या बाईला सगळे तशीच हाक मारतात. माझ्या ऑफिसच्या बाहेरचा काउंटर त्या तीस वर्षं सांभाळतायत.

मी विद्यार्थी साहाय्य अधिकारी. हॉस्टेल, आजारपण, तक्रारी, शिस्त, सगळं माझ्याकडे. टेबलावर दोन फाइली ठेवलेल्या होत्या, एक हक्कांची आणि एक वर्तणुकीची. हक्कांची परतीच्या ट्रेनमध्ये वाचून काढली. तक्रारीला दहा कामाच्या दिवसांत लेखी उत्तर मिळालंच पाहिजे. तक्रार केली म्हणून कुणाला त्रास देता येत नाही.

अमरावतीच्या हॉस्टेलमधला माझा अर्ज आठवला. आम्हा चौघींची ताटं वेगळी ठेवायचे, त्याबद्दल लिहिला होता. वॉर्डनबाईंनी बाबांना फोन केला आणि मी तो परत घेतला. एकोणीस वर्षं झाली, अजून कधीमधी टोचतं.

मैत्रेयनं पिठलं करून ठेवलं होतं. त्याचं फार्मसिस्टचं रजिस्ट्रेशन अजून अडकलंय, तोवर आम्ही दोघं माझ्या नोकरीच्या व्हिसावर. पण आज त्याची काळजी नाही वाटली.

गुरुवार, ३० मे

पहिली तक्रार आली. नायरी नावाची मुलगी, एकोणीस वर्षांची. बाहेर सात डिग्री आणि हिच्या पायात जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला. सोबत कुणाला बोलवायचंय का विचारलं तर म्हणाली, नको, हसतील.

तिला हॉस्टेलची खोली बदलून हवी आहे. प्रवेश उशिरा झाला म्हणून तिला टोकाची अकरा नंबर मिळाली. ती बरीच वर्षं बंद होती, त्यात गाद्या ठेवायचे. दुपारी दोन तासांच्या मधल्या वेळात नायरी आडवी होते. तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं असतं म्हणे. दिसत नाही, फक्त श्वास ऐकू येतो. आखूड आणि शीळ घातल्यासारखा. मग एक मुलगी अगदी अदबीनं विचारते, तू ऑफिसमधून आलीस का? नायरी नाही म्हणते. त्यावर ती म्हणते, बरं, मी थांबते.

मी हसले नाही. तिचे शब्द होते तसे फॉर्मवर उतरवले आणि चौदा जूनपर्यंत लेखी उत्तर देईन असं सांगितलं. 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे चालेल, म्हणाली आणि गेली. घर सोडून पहिल्यांदाच राहतेय, झोप नीट होत नसेल. कारण काही असो, खोली बदलून द्यायला काय हरकत आहे?

बुधवार, ५ जून

खोली बंद का होती ते बघायला जुन्या फाइली काढल्या.

२०१६ साली तिथे मेरेआना नावाची मुलगी राहायची. तिला दमा होता. भिंतीला ओल, कपाटामागे काळी बुरशी, खिडकी उघडत नाही. खोली बदलून द्या म्हणून तिनं चार अर्ज केले होते. चारही अर्जांवर तेव्हाच्या अधिकाऱ्यानं दोनच शब्द लिहून सही केली आहे: समाधान झाले. श्वास लागायचा म्हणून ती हॉस्टेलच्या बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपायला लागली, तर त्याबद्दल तिला वर्तणुकीची नोटीस दिली. ती खोलीत परत गेली. जुलैच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं झालं. पाचव्या फॉर्मवर फक्त नाव आहे, पुढचं कोरं.

फाया रीपेकांना विचारलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. खोलीतच गेली, तीन दिवसांनी सापडली, म्हणाल्या. तिच्या घरचे गिस्बर्नकडचे. मुलीनं चारदा अर्ज केला होता हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, दमा होता एवढंच सांगितलं. तो अधिकारी वर्षभरात ऑस्ट्रेलियाला गेला. खोलीत रीतसर प्रार्थना झाली आणि कुलूप लावलं. पण अर्जाला प्रार्थनेनं उत्तर देता येत नाही, असं म्हणून त्या काउंटरवरचा फोन घ्यायला उठल्या.

बुधवार, १२ जून

आमचे प्रमुख हेमी यांना भेटले. माणूस वाईट नाही. कॉलेज उभं करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आहेत. महिना संपला की वेलिंग्टनहून तपासणी पथक येतंय, आणि आमच्यासारख्या कॉलेजकडे ते जास्तच बारकाईनं बघतात, म्हणाले. खोली बदलली तर का बदलली ते लिहावं लागेल. मग अकरा नंबर निघेल, आणि मग २०१६. नायरी बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपते हेही त्यांना कळलंय. ते नियमात बसत नाही.

त्यांनी हुकूम दिला नाही. तपासणी होईपर्यंत एकही तक्रार उघडी नको, एवढंच म्हणाले. उठताना विचारलं, तुझ्या व्हिसाचं नूतनीकरण ऑगस्टमध्ये ना? सहजच विचारलं असेल.

मैत्रेयला सगळं सांगितलं. तो म्हणाला, स्नेहा, दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे.

शुक्रवार, १४ जून

केलं.

नायरीला बोलावून सांगितलं की महिना संपला की बघू. ती वाद घालत नव्हती, हेच जास्त लागलं. आपण नेहमी बंद असलेल्या दाराला हात लावून बघतो आणि पुढे जातो ना, तसं तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिला वर्तणुकीची नोटीस दिली. आजपासून झोपायचं ते खोलीतच.

तक्रार बंद करताना कारणाचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मी काहीतरी लिहिलं. सही केल्यावर वाचलं. समाधान झाले, असं लिहिलं होतं.

मंगळवार, १८ जून

दुपारी दोन-सव्वादोनची वेळ. दारावर टकटक झाली. ये म्हटलं, कुणी आलं नाही. दार उघडलं तर बाहेर फक्त फाया रीपेका, कागद लावत बसलेल्या. इथे कुणी आलं नाही म्हणाल्या.

परत येऊन बसले. समोरची खुर्ची टेबलाजवळ ओढलेली होती. मीच ओढली असेन.

गुरुवार, २० जून

पुन्हा टकटक. पुन्हा तीच वेळ. या खेपेला मी ये म्हटलं नाही. दाराला कान लावला.

श्वास. आखूड. शेवटाला बारीक शीळ. पलीकडे माझ्या कानाच्याच उंचीवर.

किती वेळ उभी होते माहीत नाही. नंतर नायरी कॉरिडॉरमध्ये भेटली. खोकत होती. दमा आहे का विचारलं. कधीच नव्हता म्हणाली, ती शाळेत पोहायची, स्पर्धांना जायची. खोलीत येणारी आता रोज विचारते, म्हणाली. आणि आपण नाही म्हटलं की रडते.

सोमवार, २४ जून

ट्रेमध्ये तक्रारीचा फॉर्म होता. ओला, कडेला काळे ठिपके. नाव: मेरेआना. बाकी कोरा. खाली कार्यालयीन उपयोगाची चौकट असते, तिच्यात लिहिलेलं: समाधान झाले. अक्षर माझं. सही माझी.

मी हे लिहिलेलं नाही. मी एकच लिहिलं होतं. ते नायरीचं होतं.

फाया रीपेकांना दाखवला. त्या घाबरल्या नाहीत. किती वर्षं वाट बघतेय पोर, एवढंच म्हणाल्या.

बुधवार, २६ जून

नायरीला हॉस्पिटलमध्ये नेलं. सकाळी खोलीच्या दाराशी पडलेली होती, ओठ निळे.

हेमींकडे गेले. तक्रार पुन्हा उघडते म्हटलं, आत्ता, आज. ते डोकं धरून बसले. शुक्रवारी मातारिकीची, म्हणजे माओरी नववर्षाची सुट्टी आहे, सोमवारी पथक येतंय, मंगळवारी उघड म्हणाले. मंगळवारपर्यंत ती जगली नाही तर, मी विचारलं. त्यांचेही डोळे भरले होते. तरी मंगळवारीच, म्हणाले.

मेरेआनाच्या चारही अर्जांच्या झेरॉक्स काढल्या आणि फाया रीपेकांना दिल्या. नोकरी गेली तर गेली. त्या आजच गाडीनं गिस्बर्नला निघाल्या, घरच्यांना सगळं सांगायला. रविवारी त्यांना घेऊन येते म्हणाल्या. ऐकण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे. तोवर त्या खोलीत पाऊल टाकू नकोस, एकटी तर नाहीच. मी हो म्हटलं.

गुरुवार, २७ जून

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये. नायरीला मास्क लावलाय. डॉक्टरांना कारण सापडत नाही. उशाशी तिची आत्या बसलेली. पाच मिनिटं चहा घेऊन येते म्हणून ती उठली.

नायरीनं डोळे उघडले. मास्क बाजूला केला. आवाज तिचा नव्हता. अदबशीर, थकलेला.

तू ऑफिसमधून आलीस का?

मी म्हटलं, नाही. मैत्रीण आहे.

बरं, म्हणाली. आणि रडायला—

मी नाही म्हटलं. मला विचारलं, मलाच, आणि मी—

शुक्रवार, २८ जून

सकाळी अकरा. आत्याचा फोन आला. आज श्वासासाठी घशात नळी घालायची म्हणतायत. फाया रीपेकांचा फोन लागत नाही, तिकडे डोंगरात रेंज नसते. रविवार लांब आहे.

मैत्रेयला सांगितलं, नायरीचे कपडे आणायला जातेय. सोबत येतो म्हणाला. नको म्हटलं.

साडेबारा. सुट्टीमुळे हॉस्टेल रिकामं आहे. मुख्य किल्ली माझ्याकडे असते. अकरा नंबर. ऊन आहे बाहेर, खिडकीतून नदी दिसते. नायरीची चादर, वह्या, एक ओला टॉवेल. भिंत थंड. ओलीचा वास. खुर्ची खिडकीजवळ.

मी पलंगावर बसलेय. कोरा फॉर्म या डायरीखाली धरून ठेवलाय. डायरीत लिहीत राहिलं की हात स्थिर राहतो.

बारा पन्नास. दार लागलं. वारा नाही.

श्वास.

विचारलं तिनं. तेच.

हो म्हटलं. मी ऑफिसमधून आलेय. तुझी तक्रार लिहून घ्यायला. उशीर झाला. माफ कर.

खुर्ची करकरली, माझ्याकडे ओढल्यासारखी.

सांगतेय. मी फॉर्मवर लिहितेय, मध्ये इथे. नाव सांगितलं. आडनावाचं स्पेलिंग दोनदा, चुकू नये म्हणून. ओल. खिडकी. चार अर्जांच्या तारखा पाठ आहेत तिला. सोफ्यावरून उठवलं ती सकाळ. शेवटचे तीन दिवस. ते मी इथे लिहिणार नाही. फॉर्मवर लिहिलंय, शब्द न् शब्द.

एक वीस. आत्याचा मेसेज. नळी घालावी लागली नाही. नायरी उठून बसलीय, आपल्या आपण श्वास घेतेय. चिप्स मागतेय.

रडू आलं. मेरेआनाला सांगितलं. तिनं ऐकलं बहुतेक. तिचा श्वासही आता मोकळा येतोय, शीळ नाही त्यात.

मला थोडा— छाती भरल्यासारखी. ओलीनं असेल. खिडकी उघडत नाही. दार मघाशी बघितलं, तेही—

पाणी प्यायले. पुढे.

एक चाळीस. शेवटचा रकाना. तक्रार कोणाविरुद्ध. घाई नाही तिला. आवाज अगदी जवळ. पहिलं नाव त्याचं, ऑस्ट्रेलियाला गेलेल्याचं. लिहिलं. शीळ येतेय आता— माझ्या छातीतून.

अजून एक नाव आहे म्हणाली. मला माहीत होतं. तरी विचारलं. विचारायचं असतं.

पूर्ण लिही म्हणाली, आडनावासकट. वाचून दाखव म्हणाली. लिहितेय. स्नेहलता राम—