नसीमची वाटी

२४ जानेवारी १९६३, गुरुवार. देरा, दुबई

हलीमाला कावीळच आहे. डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढून पाहिली आणि लगेच सांगितलं. तीन-चार आठवडे अंथरूण, तेल-तूप बंद. अंगावरचं दूध कमी झालं आहे. जेवढं येईल तेवढं पाजत राहा म्हणाल्या.

नसीम साडेसहा महिन्यांची. वजन १३ रत्तल (पौंड) १ औंस. महिन्यापूर्वीही एवढंच होतं. डब्याचं दूध दोनदा दिलं, दोन्ही वेळा जुलाब. आता फळं सुरू करा म्हणाल्या. मद्रासी नर्सने तोंडी सांगितलं ते तिथेच चिठ्ठीवर लिहून घेतलं. इथे उतरवून ठेवतो, चिठ्ठी हरवली तर?

सफरचंद, नासपती, केळं, खजूर. सोलून, बिया काढून, उकळलेल्या पाण्यात शिजवून, कापडातून गाळून. मीठ नाही. साखर नाही. रोज ताजं. उरलेलं ठेवायचं नाही.

"घर में करेगा कौन?" नर्सने विचारलं. मी म्हटलं, मी. ती हसली नाही. बरं वाटलं.

२५ जानेवारी, शुक्रवार

चाचा आले होते. मला इथे आणलं त्यांनी, गोदामात चिकटवलं त्यांनी, हलीमाला दीड वर्षापूर्वी बोलावून घेतलं तेही त्यांनीच. त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही.

"युसूफ, हे पुरुषाचं काम नाही. २ मार्चला बोट आहे. दोघींना दाभोळला पाठव. तिची आय बघेल."

मी म्हटलं, चाचा, फळं सुरू करतो आहे, एक महिना द्या.

"दिला. ईदनंतरच्या शुक्रवारी वजन करू. साडेतेरा रत्तल भरलं तर माझं काही म्हणणं नाही. तिकीट मात्र आजच काढून ठेवतो."

ह. भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली. चाचा गेल्यावर म्हणाली, "मी नाय जानार. दोन वर्सं पत्रांवर काढली, तेवडी पुरे."

२६ जानेवारी, शनिवार

तयारी. अ‍ॅल्युमिनियमचं लहान पातेलं नवं. ह.ची पांढरी मलमलची ओढणी फाडून चार तुकडे, चारही उकळून वाळवले. एक वाटी, एक चहाचा चमचा फक्त नसीमचे. मिठाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला, चुकून हात जायला नको.

इराणी गलबतातून सफरचंदं आली आहेत. सहा घेतली. गुलाम पाणीवाला रमजानसाठी आपल्या गावी गेला. त्याचं गाढव घेऊन दुसरा माणूस येतो, डबे भरून रांजणात ओततो. बोलत नाही.

२७ जानेवारी, रविवार. पहिला रोजा

दुपारी गोदाम बंद झाल्यावर घरी. स्टो पेटवला. एक सफरचंद सोललं, आठ फोडी, पाणी आधी वीस मिनिटं उकळून मग त्यात फोडी. गर मऊ झाला, रंग छान. मलमलीतून दाबून काढला. ह. अंथरुणातून बघत होती. "लुगडं पिळताव काय? हळू."

नसीमने पहिला चमचा तोंडात घेतला, माझ्याकडे बघितलं, सगळं बाहेर. दुसरा, तेच. तिसऱ्याला तोंडच मिटलं.

ह. म्हणाली, पहिल्या दिवशी सगळी पोरं असंच करतात. उरलेलं ठेवायचं नाही म्हणून अंगणात घरमालकीण उम्म सालिमच्या बकरीपुढे ठेवलं. बकरीने वाटी चाटून पुसून दिली. ती तीन वेळा धुतली.

इफ्तार मशिदीत. घरी येऊन चहा केला, चहा जरा वेगळा लागला. दिवसभर तोंड कोरडं, त्यामुळे असेल.

२९ जानेवारी, मंगळवार

नासपती. नाही.

३० जानेवारी, बुधवार

केळं. केळं शिजवायचं का, हे चिठ्ठीत स्पष्ट नाही. शिजवलं. नाही. नसीम रडली, मग मीही बाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

शेठने गोदामाची किल्ली दिली. सुट्टीच्या दिवशी किल्ली देत नाही कोणाला. एका पारड्यात चादर घालून नसीम, दुसऱ्यात वजनं. १२ रत्तल १४ औंस. दोनदा केलं. तेच.

ह.ला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, माझं तोंड पाहिलं.

३ फेब्रुवारी, रविवार

एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. गोदामात हिशेब चुकला की असंच करतो. काल कापड बदललं, साबणाचा वास असेल म्हणून. आज चमचा बदलला, लाकडी. उद्या फळ आंबट नाही ना ते बघणार, खजूर घेणार. पाणी कमी उकळलं जात असेल अशी शंका आली. आजपासून गजराचं घड्याळ लावून पूर्ण एक तास. तासानंतर पातेल्यात निम्मं उरतं. जंतूचं नाव नको.

५ फेब्रुवारी, मंगळवार

खजूर भिजवून, शिजवून, गाळून. हा तरी घेईल वाटलं. थुंकला, वर ओरडली.

ह.ला चाखून बघ म्हटलं, तिला रोजा नाही. तिने बोट लावलं. "माझं नका इचारू. मला साखरपण कडू लागते. पानी कडू, थुंकी कडू." खरं आहे. काविळीत जिभेवर भरवसा नाही.

बकरी आता दुपारी दाराशी येऊन उभी राहते. मी दिसलो की ओरडते. निदान कोणाला तरी माझ्या हातचं आवडतं, असं ह. म्हणाली. दहा दिवसांत पहिल्यांदा हसली. त्या बकरीचे उपकार.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

१२ रत्तल १२ औंस.

चाचाही सोबत आले होते. त्यांनी वजनं स्वतः उचलून पाहिली. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "तिकीट माझ्या खिशात आहे. वाईट वाटून घेऊ नकोस."

चार-पाच दिवसांचा समुद्र. एक काविळीची, एक अशी. मी ट्रंक उघडून ह.चे कपडे बघितले आणि परत बंद केली.

९ फेब्रुवारी, शनिवार

नीट लिहितो, सगळं क्रमाने.

दुपारी नासपतीचा गर केला. नसीमने नाही म्हटलं. वाटी घेऊन अंगणात गेलो तर उम्म सालिम स्वतः उभी. ही अंगणापलीकडे राहते. नवरा मोती घेऊन मुंबईला जायचा, तीही दोन वर्षं तिथे राहिलेली, म्हणून हिंदी येतं.

"यूसुफ, मेरी बकरी तेरे दरवाज़े पे क्यों मरती है?"

मी म्हटलं, खाला, बच्ची का खाना बचता है, वही देता हूँ.

"बच्ची नहीं खाती, बकरी खाती है?"

हां.

"बकरी ऐसे किस चीज़ पे मरती है, मालूम है? दिखा." तिने बोट बुडवून जिभेला लावलं, लगेच बाजूला थुंकली. "नमक! या अल्लाह, कितना डाला?"

मी शपथ घेतली. एक कण घातला नाही. मिठाचा डबा वरच्या फळीवर आहे, त्याला पंधरा दिवस हात लागला नाही. ती म्हणाली, पानी दिखा. रांजणातलं दाखवलं. चाखलं, थुंकली. मग मी उकळून ठेवलेलं दाखवलं. ते चाखून तिने कपाळावर हात मारला.

नवा पाणीवाला जवळच्या विहिरीचं मचूळ पाणी आणून ओततो आहे. आणि मी ते तासभर आटवत होतो. जितकं जास्त उकळलं तितकं खारट केलं. मग त्यात फळ शिजवून पुन्हा आटवलं. सगळं बदलून पाहिलं मी, पाणी सोडून.

"तूने चखा नहीं?"

मी म्हटलं, खाला, रोज़ा है.

ती बघतच राहिली. "अरे, बच्चे का खाना है. ज़बान को लगाओ, निगलो मत, थूको. रोज़ा कहीं नहीं जाता. तुम्हारे मुल्क में औरतें क्या करती हैं?"

आत येऊन ह.ला विचारलं. ती उठून बसली. "माझी आय अख्खा रमजान तशीच कालवनाचं मीठ बघायची. जिभेच्या टोकाला लावायचं नि थुंकायचं. तुमाला नाय म्हाईत?"

मला कोण सांगणार? मी कधी चुलीपाशी गेलो?

"नि मी येडी," ती म्हणाली, "मला वाटलं तुमी तसंच करताव."

खाला आपल्या घरातून एक कळशी गोड पाणी घेऊन आली. तिचा पुतण्या लांबच्या बागेतल्या विहिरीवरून आणतो. "ये बच्ची का. तुम लोग चाय दूसरे की पियो. यल्ला, बना."

तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर इमामसाहेबांना विचारून घेतलं. तेही तेच म्हणाले, मुलाच्या अन्नासाठी हरकत नाही.

पुन्हा स्टो. वीस मिनिटं. अर्धं सफरचंद. जिभेच्या टोकाला लावलं, थुंकलं, तीन वेळा चूळ भरली. नुसतं सफरचंद लागलं.

नसीमने पहिला चमचा घेतला. तोंड मिटलं. मग गिळला. मग चमचाच धरला.

पाच चमचे. अल्हम्दुलिल्लाह. पुन्हा लिहितो, पाच.

बकरी दाराशी ओरडत होती. तिच्यासाठी काही उरलं नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

दवाखान्यात जाऊन सगळं खरं सांगितलं. वाटलं बोलणी बसणार. नर्सने नसीमची टाळू, जीभ, पोट तपासलं. म्हणाली, अच्छा हुआ बच्ची थूकती रही. पेट में जाता तो बहुत बुरा होता.

घरी येताना तेच डोक्यात. मी जबरदस्ती केली असती तर? ३० तारखेला नाक दाबून पाजावं असं मनात आलं होतं. इथे लिहिलं नव्हतं, आज लिहितो. केलं नाही. कोणी हात धरला माहीत नाही. शुकर.

११ फेब्रुवारी, सोमवार

केळं, न शिजवता, नुसतं कुस्करून. नर्सला विचारलं होतं. सगळं संपलं. कानातही गेलं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

१२ रत्तल १५ औंस. शेठ स्वतः किल्ली घेऊन आले होते. वजन बघून म्हणाले, "माल चढतोय." त्यांच्या दुकानातल्या चार लेबनानी नासपती रुमालात बांधून दिल्या. नको म्हटलं तर, "तुला नाही देत."

१९ फेब्रुवारी, मंगळवार

ह. आज अंगणापर्यंत चालली. डोळ्यांच्या कडा अजून पिवळ्या. खालाशी बसून बोलत होती. एकीचं हिंदी अर्धं, दुसरीचं अर्धं, पण हसणं पूर्ण. मला बघून दोघी गप्प झाल्या, म्हणजे माझ्यावरच.

नंतर कळलं. खाला सगळ्या गल्लीत सांगते, आमच्या भाडेकऱ्याने बकरीला पंधरा दिवस इराणी सफरचंदं चारली. सांगू दे. तिच्या कळशीचं पाणी रोज येतं. पुतण्याला विचारलं, कसं फेडू? तो म्हणाला, "पानी का क्या फेडना, हबीबी."

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

१३ रत्तल १ औंस. म्हणजे जिथून निघालो तिथे आलो. साडेतेराला सात औंस कमी, दिवस सात. चमचे वाढवायला गेलो तर ह.ने हात धरला. "तिला जेवडं होवं तेवडं ती घेते. परत शानपना नको." ठेवला चमचा.

२५ फेब्रुवारी, सोमवार. ईद

नमाजाला जाण्याआधी काहीतरी गोड तोंडात घालून जायचं. ह.ने महिन्यात पहिल्यांदा स्टोपाशी बसून शेवया केल्या, दुधात, तुपाशिवाय. पण त्या व्हायच्या आत नसीमची वाटी तयार होती, खजुराचा गर. तिने अर्धा सोडला. मी तो बोटाने पुसून खाल्ला. थुंकायला तोंड वळवलं होतं, मग आठवलं. गिळला.

गुलाम पाणीवाला परत आला. त्याला मिठीच मारली. तो घाबरला.

१ मार्च, शुक्रवार

जुम्याच्या नमाजाआधी गोदाम उघडलं. चाचा, मी, नसीम. ह. पण आली, नको म्हटलं तरी. चाचांनी चष्मा लावला. "काट्यापासून लांब उभा राहा. बोट लावशील." मी दोन्ही हात पाठीमागे धरले.

१३ रत्तल ५ औंस.

तीन औंस कमी. नसीमने पारड्याची साखळी धरून हलवली आणि काटा नाचायला लागला. चाचांनी तिची मूठ सोडवली. तिने मग त्यांचं बोट धरलं, तोंडात घातलं.

"अरे, दात आला हिला."

खालचा एक. टोक आलेलं. आम्हाला दोघांना माहीत नव्हतं.

चाचांनी वजनं एकेक करून जागेवर ठेवली. खूप वेळ लावला. मग ह.कडे बघून विचारलं, "समुद्र झेपेल तुला, पोरी?"

ह. म्हणाली, "नाय."

चाचा एवढंच म्हणाले, "बघू." तिकीट घेऊन एजंटाच्या घरी गेले.

संध्याकाळी परत आले. तिकीट माझ्या हातात दिलं, खिशात ठेवलं नाही. तारीख खोडून पुढच्या बोटीची घातली आहे. शाई नव्हती म्हणून एजंटाने पेन्सिलीने लिहिली, असं चाचा म्हणाले.

तिकीट मिठाच्या डब्याशेजारी, वरच्या फळीवर ठेवलं. नासपती सोलायची आहे.