खरी किंकाळी

५ नोव्हें.
आजपण केसांत मुंग्या. पिक्चरमधलं रक्त म्हणजे साखरेचा पाक, लाल रंग आणि थोडी कॉफी. मेकअपवाल्या शबाना आपा सकाळीच मानेवर, हातांवर ओततात, दुपारपर्यंत ते वाळून फ्रॉकसकट चामडी ओढतं. म्हणाल्या, "हिल मत बेटा, मीठा है तो चींट्यां आएंगेच." जेवताना धुवायचं नाय, पुढच्या शॉटला डाग जुळले पाहिजेत म्हणे. तसल्याच हातानं पोळी खाल्ली. गोड लागली. शी.

करमाडच्या पुढं कापसाची बंद पडलेली जिनिंग हाय, तिथं शूटिंग. तिसरा पिक्चर, तिसऱ्यांदा मेलेली पोरगी. पहिल्यात विहिरीत, दुसऱ्यात झोपाळ्यावर, ह्यात माळ्यावर. अण्णा कंपनीतून रजा काढून येतात आणि भेटेल त्याला सांगतात, "माझी पोरगी सुनी धा वर्षाची होती तवापासून भूत हाय."

६ नोव्हें.
डायरेक्टर (इथून पुढं नुसतं डा.) मुंबईचा. माझ्याशी बोलत नाय. आज माझ्यासमोरच अण्णांना म्हणाला, "हिचा चेहराच असा आहे, अ‍ॅक्टिंगची गरजच नाही."
पापणी न हलवता उभं राहायला काय लागतं, त्याला काय माहीत. आरशासमोर शिकलेय मी. डोळे झोंबून झोंबून लाल झाले होते तेव्हा.
अण्णा हसले. "व्हय, जन्मापासून तशीच हाय."

८ नोव्हें.
शाळा उघडली. मधल्या सुट्टीत पोरींचं चालू, "सुने, भुताचे डोळे कर ना, डोळे कर." नाय केले तर भाव खाते. केले तर हडळ.
घरी आले तर आई मावशीकडं बारशाला गेलेली, एकटीच. सकाळी म्हणाली, तुझा अभ्यास हाय. खोटं. मावशीनंच निरोप धाडला होता, सुनीला आणू नका, बाळ दचकतं. मागच्या खोलीतून ऐकलं मी.

१० नोव्हें., रविवार
हात धुतेच आहे. साबण संपत आला.

आज मरायच्या आधीचा सीन होता. माळ्यावर पेटी, पेटीत फडक्याखाली बाहुलीचं तुटलेलं डोकं. फडकं उचलायचं आणि ओरडायचं. तालमीत रबराचं डोकं होतं. मी आधी श्वास अडकवला, मग ओरडले. चांगलं जमलं होतं, मला कळतं ना. डा. नुसतं "हं" म्हणाला. मग, "जा, पाणी पिऊन ये."

आले. फडकं उचललं.
बोकडाचं मुंडकं. खरं. ताजं. एक डोळा उघडा, जीभ दातांत. माझी बोटं त्याच्या ओल्या

ओरडले. मग फ्रॉकवरच ओकले. कुणी कॅमेरा थांबवला नाय. मग टाळ्या. डा. ओरडला, "मिळाली! खरी किंकाळी!"

आपा तोंड पुसत होत्या. "मैं तो बोली थी, नक्को करो बच्ची के साथ." मी विचारलं, कुणी आणलं? त्यांनी टॉवेल परत पिळला. मग म्हणाल्या, "तेरे अब्बाच लाए ना सुबह, डिक्की में."

अण्णा कॅमेऱ्याच्या मागं. तेपण टाळ्या वाजवत होते.
येताना स्कूटरवर डिक्कीला पाय लागू नये म्हणून वाकडी बसले. पूर्ण रस्ताभर.

११ नोव्हें.
आई: "पोटच्या पोरीला? बाप हाय का खाटीक?"
अण्णा: "रबराला कुणी भितं का? काय मेली का ती? कलेत असंच असतंय."
मग माझ्याकडं वळून, "सुने, लई भारी आलाय बघ शॉट." माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले. मी उठून मोरीत गेले.

२० नोव्हें.
अण्णांशी बोलणं बंद. स्कूटरवर बसत नाय, शाळेत चालत जाते. ते स्कूटर एकदम हळू चालवत मागून येतात, क्रांती चौकापर्यंत, मग कंपनीकडं वळतात. वळून बघत नाय मी. आवाज ओळखीचा हाय.
त्यांची किळस येते. ते मागून येतात म्हणून बरं वाटतं, त्याची पण येते.

२८ नोव्हें.
खरी किंकाळी वाया गेली! जनरेटरचा आवाज आलाय तिच्यात, माझ्या ओरडण्याखाली नुसती घरघर. परत आवाज भरावा लागणार. जेवताना अण्णांनी सांगितलं आणि मला हसूच फुटलं. घास बाहेर.
आई म्हणाली, "नाय म्हणून सांग."
अण्णा खाली बघून, "तू म्हणशील तसं."
म्हटलं, येते. आई बरोबर पाहिजे.

२ डिसें.
छोटी खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. पडद्यावर मी. डा. कानाशी येऊन म्हणाला, "तो दिवस आठव. ते डोकं आठव."
"नाय आठवणार. तुम्ही बाहेर जा."
तो अण्णांकडं वळला, "ऐकताय ना?" अण्णा दारात उभे होते. मला वाटलं आता रागावतील. म्हणाले, "साहेब, चला बाहेर."
मुंडकं नाय आठवलं. तालीम आठवली. श्वास कुठं अडकवला होता, कुठं सोडला होता. ओरडले. ओठ पहिल्याच झटक्यात जुळले. काचेपलीकडं डा. कुणालातरी सांगत होता, "ही जास्त खरी आहे."
बाहेर आईचा हात गार. म्हणाली, "तूच हायस म्हाईत असून भ्याले गं."

१५ डिसें.
डा.चा निरोप. नवा पिक्चर, अजिंठ्याच्या बाजूला. परत भूतच, पण ह्या भुताला बोलायला हाय म्हणे, पानंच्या पानं.
अण्णा स्वयंपाकघराच्या दारात, आत न येता, "काय सांगू त्याला?" आईचं लाटणं थांबलं.
मला करायचंय. ह्याचीच जास्त किळस येते.
विचारलं, "तुम्ही येणार?" बऱ्याच दिवसांनी त्यांच्याशी बोलले.
"तू म्हणशील तर."
मी तव्यावरची पोळी उलटली. ते उभेच राहिले, पोळ्या होईपर्यंत.
उद्या शेजारच्या काकूंकडं डा.चा फोन येणार. अण्णा म्हणाले, मी नाय घेत, तूच घे. घेणार. पण घेऊन त्याला काय सांगणार ते अजून ठरलं नाय.