छपराला पडलेलं टक्कल

हॅन्कॉक, मिशिगन
फेब्रुवारीची अखेर

प्रिय एलेन,

तुझं नाताळचं कार्ड वेळेवर मिळालं. त्यात तू विचारलेलं वाचलं, आणि कार्ड घड्याळामागे ठेवून दिलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आधी घरची हकिकत सांगते. ती छपराची आहे, पण तू या घरात राहिलेली आहेस, तुला कंटाळा यायचा नाही.

यंदा वळचणीला बर्फाचा बांध असा धरला, की वाल्फ्रिड असता तर पाद्रीबुवांसमोरसुद्धा त्याच्या तोंडून शिवी गेली असती. पुढे बर्फाची भिंत, तिच्यामागे वितळलेलं पाणी तुंबलेलं. खाली उतरायला वाट नाही, म्हणून ते छपराच्या डांबरी पट्ट्यांखालून मागे सरकतं आणि घरात शिरतं. जागा दरवर्षीचीच, आपल्या तौनोच्या खोलीवरची. बाकी छपरावर मांडीभर बर्फ, आणि तेवढ्या तुकड्यावर काळं, ओलं, उघडं छप्पर. समोरचा रेइनो रस्त्यावरचा बर्फ उपसता उपसता ओरडतो, "हिल्मा, तुझ्या छपराचं टक्कल वाढतंय गं! टोपी घाल त्याला!" मी म्हणते, "आधी तुझ्या डोक्यावरचं बघ." वर्षानुवर्षं हेच चाललंय आमचं. पण आपल्या गल्लीत लोकांना छप्पर वाचता येतं, हे तुला माहीत आहे. जिथे बर्फ टिकत नाही, तिथे खालून ऊब निसटते. आमची कुठल्या खोलीतून निसटते, तेही सगळ्यांना माहीत होतं. थट्टा टकलाची करायचे, खोलीचं नाव कोणी काढत नसे.

स्वयंपाकघराच्या छतातली ती लोखंडी जाळी आठवते ना? चुलीची ऊब वरच्या खोलीत जावी म्हणून ठेवलेली. तौनो लहान असताना तिच्यावर पालथा पडून आमचं बोलणं ऐकायचा, आणि बापाच्या कॉफीत वरून नेम धरून बटणं टाकायचा. वाल्फ्रिड बटण चमच्यानं काढून पुसायचा आणि म्हणायचा, "हिल्मा, आज कॉफीत साखर विरघळली नाही वाटतं." वर पोर हसून हसून बेजार. लग्नानंतर तू आलीस तेव्हा म्हणालीस, "आई, या जाळीतून सगळं ऐकू जातं हो," आणि लाल झालीस. आम्ही तिच्यावर सतरंजी टाकून दिली होती.

त्या मार्चमध्ये वारा फिरला, खाडीवरचा बर्फ किनाऱ्यापासून सुटला आणि त्यावर भोक पाडून मासे धरायला बसलेल्या तौनोला घेऊन गेला. त्याच संध्याकाळी वाल्फ्रिडनं वर जाऊन ती सतरंजी काढली. "गारठून येईल पोरगा," एवढंच म्हणाला. त्यानंतर जाळी बंद झाली नाही. शोधायला गेलेल्यांनी त्याची घसरगाडी आणली, थर्मास आणला. थर्मास तू मागून घेतलास. मी काही मागितलं नाही. वस्तू घेतली की ती मेलेल्याची होते, असं मला वाटलं.

पुढचे सगळे हिवाळे वाल्फ्रिड चूल विझू देत नसे. सकाळी उठला की लांब दांड्याचं फावडं घेऊन अंगणात उभा राहायचा आणि कडेचा बर्फ खाली ओढायचा. तरी बांध धरायचाच. मग शिडी, मग कुऱ्हाड. कुऱ्हाडीनं बर्फ कमी आणि छपराच्या पट्ट्या जास्त फुटल्या. मी कधी म्हटलं नाही की जाळी झाक. त्यानंही म्हटलं नाही. तो गेल्यावर चूल माझ्याकडे आली, आणि मीही ती तशीच चालवली.

मी फार शिकलेली नाही, पण ग्रंथालयातली बाई मला हवं ते काढून देते. या हिवाळ्यात घरबांधणीवरचं एक जाड पुस्तक आणलं. त्यात लिहिलंय की बर्फाचा बांध दिसतो छपरावर, पण तयार होतो घरातल्या उबेनं. वरून कितीही फोडा, फटी बुजवल्या नाहीत आणि माळा थंड ठेवला नाही तर तो पुन्हा येणार. ते पान मी वाचलं, आणि पुस्तक मुदतीच्या आधीच परत करून आले.

मग सोपा उपाय केला. दुकानात बर्फ वितळवायचे खडे मिळतात, ते माझ्या जुन्या लांब मोज्यांत भरले. रेइनोनं शिडी लावून ते बांधावर आडवे ठेवले, म्हणजे तेवढा चर पडून पाण्याला वाट होते. वळचणीवरून ते तपकिरी पाय लोंबताना बघून तो म्हणाला, "हिल्मा, दोन बायका उतरतायत छपरावरून. कॉफी टाक, आणि माझी ओळख करून दे!" मी खूप दिवसांनी हसले. चरातून पाणी वाहिलंही थोडं.

पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी जाळीतून थेंब चुलीवर पडून चरचरायला लागले. वर गेले तर छताचा गिलावा तौनोच्या पलंगावर कोसळलेला. मी दर शनिवारी बदलत होते ती चादर, त्याचा राखाडी स्वेटर, सगळं चिखल झालेलं. रेइनो गादी उचलायला आला. तू त्याला ओळखतेस, तोंड मिटत नाही त्याचं. पण दारात थबकला. चादर ताजी होती, उशी फुगवलेली होती, उशाला दिवा होता. गादीचं एक टोक धरून तो हळूच म्हणाला, "इथे कोण राहतं, हिल्मा?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कोणी नाही." मोठ्यानं म्हटलं. जाळी उघडीच होती, खाली स्वयंपाकघरात ऐकायला कोणी नव्हतं.

त्यानंतर रेइनोनं जाळी फळीनं झाकली. माळ्याच्या झाकणाच्या फटी आम्ही बुजवल्या, आत जाड लोकरीसारखे थर पसरले, खोलीचं दार लावून घेतलं. आता आत गारठ्यानं श्वास दिसतो. मला बरं वाटलं असं समजू नकोस. चुलीत लाकूड घालताना मान अजून वर जाते, आणि तिथे फळी असते.

परवा मोठा बर्फ पडला. सकाळी अंगणात जाऊन पाहिलं. आपलं छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं, शेजाऱ्यांच्या छपरांसारखंच. कुठलं घर आपलं, ते क्षणभर कळेना. रेइनो समोर फावडं टेकून उभा होता. मला वाटलं, आता टोपीवरून काहीतरी बोलेल. त्यानं स्वतःची टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली, आणि पुन्हा उपसायला लागला.

तर तू कार्डात पुन्हा विचारलेलं. मागे तू दफनभूमीत तौनोच्या नावाचा दगड बसवायचं म्हणालीस, तेव्हा मी तुला घराबाहेर काढायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. तू दगड बसवला नाहीस, आणि तुला लग्नाची मागणी घालणाऱ्या दुलूथच्या त्या भल्या माणसालाही थांबवून ठेवलंस. एलेन, दगड बसव. वाल्फ्रिडच्या शेजारी जागा आहे. खाली पुरायला आपल्याकडे काही नाही, मग तो थर्मास आण. आणि त्या माणसाला हो म्हण. जमीन मऊ झाली की या, दोघंही या. वरची खोली आता देता येणार नाही. तुमचं अंथरूण मी खाली चुलीपाशी घालेन.

तुझीच,
हिल्मा