फेसबाईचा निरोप

रविवार, ९ मार्च

चिमे,

तुला खूप खूप आशीर्वाद. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर केला. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या भावोजींचा गुडघा आता कुरकुरत नाही, फक्त तेच कुरकुरतात. इस्पितळातल्या आमच्या धुलाईघरात नवीन मशीन आलंय. ते जुन्यापेक्षा जास्त आवाज करतं आणि कमी पिळतं.

सोबत साबणाची एक वडी पाठवतेय. ही फेसबाईंची ‘हट्टी’. फेस यायला वेळ लावते, पण एकदा आला की हटत नाही. वहिनीच्या हाती लागू देऊ नकोस.

फेसबाईंना तू भेटलीसच. पण मला त्या कशा सापडल्या, हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही. धुलाईघरातल्या पावडरीने माझे हात कसे झाले होते आठवतं? मूठ मिटत नव्हती. स्वेटर घालताना लोकर बोटांना अडकायची. कुणीतरी सांगितलं, त्या बंद पडलेल्या बेकरीत एक बाई साबण करते, जरा विक्षिप्त आहे, पण जा. गेले, तर दारावर पाटी: ‘आज साबणाचं मन नाही.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. बाईंनी माझे हात धरले, हुंगले आणि म्हणाल्या, “हे हात आहेत की खवणी? आत ये.” मग एक हात बाजारच्या साबणाने धुवायला लावला आणि एक त्यांच्या. म्हणाल्या, “आता दोन्ही गालांना लाव आणि सांग, कुठला तुझा?”

त्या दिवसापासून मी त्यांची झाले, चिमे. कामावरून सुटले की तिकडेच. पावाच्या जुन्या फळ्यांवर मुरत ठेवलेल्या वड्या, तेलाचा तो ऊबदार वास, आणि बाई वडीला जिभेचं टोक लावून बघतायत, अजून चावते का म्हणून. चावली की कच्ची. अत्तर लावून आलेल्या गिऱ्हाइकाला त्या सरळ बाहेर काढायच्या. साबण ढवळताना सासरचा विषय काढायचा नाही, फाटतो म्हणे! मी वड्या पुसायचे, कागदात गुंडाळायचे. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की आत जायची परवानगी फक्त मला आहे. भावोजी म्हणायचे, “एवढ्या कौतुकाने तू माझ्याबद्दल कधी बोलली नाहीस.” खरंच होतं ते.

तू आलीस तेव्हा तुला तिथे नेलं ते मिरवायला. तुला दाखवायचं होतं, बघ, इथे मी कोण आहे.

आणि काय झालं? बाईंनी तुझा हात हुंगला आणि लाकडी पळा तुझ्या हातात दिला. मला कधीच दिला नव्हता. तू काही विचारलं नाहीस, घाई केली नाहीस, ढवळत राहिलीस. मग साबण दाटला, पळ्याची रेघ वर तशीच राहिली आणि बाई म्हणाल्या, “हिला सांगावं लागत नाही.” मी हसले. तू वळून माझ्याकडे बघितलंस तेव्हासुद्धा हसतच होते. आत नुसता जळफळाट चालला होता.

तुझा दोष नाही, हे मला कळतं. तसा तुझा दोष कधीच नव्हता. मावशी माझ्यासाठी आणलेली कानातली तुला घालून बघायची, आणि “हिलाच शोभतायत गं” म्हणून ती तुझ्याच कानात राहायची. शेजारच्या मांजरालासुद्धा दूध मी घालायचे आणि ते बसायचं तुझ्या मांडीवर. मी म्हटलं होतं, निदान ही बाई तरी माझी एकटीची.

तू गेल्यावर त्या रोज एकच विचारायला लागल्या, “धाकटी कधी येणार?” एक दिवस मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, “माझा खांदा गेला. तिला विचार, इथे येऊन राहील का. मागची खोली देते, काम शिकवते, पुढे हे सगळं तिनेच सांभाळायचं.”

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. नवऱ्याचं घर सोडून दादाकडे आलीस, बाहेरच्या खोलीत झोपतेस, वहिनी काही बोलत नाही पण भांडी जोरात आपटते. ‘ताई, तिकडे काही काम असेल तर बघ.’

आणि मी पत्राला उत्तरच दिलं नाही.

फोनवर विचारलंस तेव्हा “बघते” म्हणाले. काय बघणार होते? काम माझ्या पदरात पडलेलं होतं, तुझ्या नावाचं, आणि मी त्यावर बसून होते.

मला वाटलं, तू आली नाहीस तर त्या मलाच विचारतील. परवा वाटलं, आता विचारणारच. खांदा हलत नव्हता, म्हणून पळा माझ्या हातात आला. काय सांगू तुला, मी इतकी खूश झाले, इतकं जीव तोडून ढवळलं, की सगळं फाटलं. तेल वेगळं, पाणी वेगळं. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं फडकं घेतलं आणि विचारलं, “बहिणीला कळवलंस ना?”

“हो.”

“काय म्हणाली?”

“नाही जमणार म्हणाली.”

त्या पालथ्या डब्यावर बसल्या. फळ्यांकडे बघत म्हणाल्या, “मग एवढा माल संपला की बंद करते.”

घरी आले. जेवण गेलं नाही. बंद झालं तर तुलाही नाही आणि मलाही नाही, या विचाराने आधी बरं वाटलं, हे तुला सांगूनच टाकते. मग तू त्या बाहेरच्या खोलीत भांड्यांचे आवाज ऐकत पडलेली दिसलीस.

काल जाऊन सांगितलं, “मी तिला विचारलंच नाही.”

“ते कळलं मला,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्याचा नकार सांगताना माणूस एवढं तोंड लपवत नाही. जळतेस का तिच्यावर?”

“हो.”

“मग जळ. पण आधी कळव.”

म्हणून कळवतेय. मागच्या खोलीला खिडकी आहे, मोरी स्वच्छ आहे. काल संध्याकाळी मीच धुऊन काढली, बाईंनी सांगितलं नव्हतं. तू आलीस की मला रोज त्रास होणार आहे. तुझ्या हातचा साबण चांगला निघाला की माझं तोंड वाकडं होईल, आणि वाईट निघाला तर मी मनातून खूश होईन. पुष्कळ दिवस. याला औषध आहे असं मला वाटत नाही. तरी स्टेशनवर मीच येईन, दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही.

रागावली असशील तर रागावूनच ये.

तुझ्यावर जळणारी आणि तरीही तुझी वाट बघणारी,
ताई