निळ्या झग्यातली मांडी

ब्रेस्त, २० एप्रिल १८७९

चि. क्लोतिल्द, अ. उ. आ.

सासूबाईंची मैत्रीण पॅरिसला तुमचं प्रदर्शन पाहून आली. नव्या मंडळींची चित्रं म्हणजे सगळा पुसट कारभार, ही तिची नेहमीची कुरकुर. पण तुझ्या 'आई आणि बाळ'पाशी तिचे डोळे भरून आले म्हणे. माझ्या मांडीवर माझं लेकरू कसं निर्धास्त विसावलंय, हे ती घरोघरी सांगत सुटली आहे. मी हसून तिला कॉफी दिली.

ती मांडी माझी नाही गं. रेने माझ्याकडे आला की किंचाळायचा, म्हणून तू त्याच्या दाईला, कातेलला, माझा निळा झगा घालून बसवलंस आणि वर माझा चेहरा काढलास. जन्मल्याबरोबर त्याला तिच्या खेड्यात दुधावर ठेवलं, आपल्यात ठेवतातच. पण परत आला तो तिच्यासकट, आणि तिचाच होऊन. आता त्याचं दूध सुटलंय, पुढच्या आठवड्यात कातेल जाईल. हे तिकडे जहाजावर, सासूबाई त्यांच्या घरी. एवढ्या घरात मी आणि तो. तो माझ्याकडे कधी आलाच नाही तर?

तुझ्या चार ओळींची वाट पाहणारी,
ऑरेलीताई

पासी (पॅरिस), २६ एप्रिल

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून ब्रश हातात धरवत नाही. मला तेव्हा नुसता उजेड दिसत होता. त्या निळ्यावरचा, पोराच्या टाचेवरचा. तू बाजूला उभी होतीस, ते दिसलंच नाही. आणि तूही अशी गरीब गाय, की चेहरा मागितला तर मुकाट्याने दिलास!

प्रदर्शन संपलं की तुझा चेहरा खरवडून तिथे कातेलचा काढते. तू फक्त हो म्हण. लग्नाआधी तू माझ्याहून चांगली चित्रं काढायचीस, हे मी इथे कुणाला कळू देत नाही, धंदा बसेल माझा.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.
तुझी क्लो

ब्रेस्त, १८ मे

चि. क्लो, अ. उ. आ.

कातेल गेली. रेने दारापाशी बसून राहायचा, कुणाच्या हातचा घास घेईना. रडायचाही नाही. त्याला पाहून मीच आत जाऊन रडायचे.

त्या चित्रानंतर तो निळा झगा मला अंगात घालवेना, म्हणून मी कातेललाच दिला होता. हिवाळाभर तिने तो वापरला. जाताना माझ्या खुर्चीवर घडी करून ठेवून गेली, तोही न धुता. आधी मला रागच आला. मग चौथ्या दिवशी तसाच अंगात घातला. दुधाचा, चुलीच्या धुराचा वास होता. रेने दारातून उठून आला आणि माझ्या मांडीत तोंड खुपसून झोपला. पाय बधिर झाले तरी मी हलले नाही.

तो झग्याकडे आला, माझ्याकडे नाही, एवढं मला कळतं. धोबीण कपडे न्यायला आली, तिला हा दिला नाही. पण वास रोज थोडा कमी होतोय.

माझा चेहरा खरवडू नकोस, इतक्यात नको. काल त्याने मांडीतून मान वर केली, मला बराच वेळ निरखलं, आणि पुन्हा तिथेच डोकं ठेवलं.

येत जा गं, फार एकटं वाटतं.
ऑरेलीताई