बारशात मी आत का पळाले

काटेवाडी,
१२ डिसेंबर १९९६

ती. सौ. सिंधूवन्संना भावजय रोहिणीचा वाकून नमस्कार. दाजींचा खोकला उतरला का? इकडं आत्याबाई, तुमचे भाऊ आणि दोन्ही पोरं खुशाल आहेत. माझ्या खुशालीचं मात्र बैजवार लिहिते. पत्र दाजींच्या हाती पडू देऊ नका.

बारशाला तुम्ही शंभूराजच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तुमच्या पाठीत धपाटे घातले, आणि मी पाळणा सोडून आत पळाले. मला नाव पसंत पडलं नाही असं समजून तुम्ही न जेवता वालचंदनगरची एसटी धरलीत, ते आजतागायत बोलला नाहीत. वन्सं, नाव फार आवडलं. धपाटा बसल्यावर तुम्ही "मेले गं!" ओरडलात, मला हसू फुटलं आणि साडी भिजली. (तुम्हीच आणलेली, अबोली.) या बाळंतपणापासून शिंकलं, खोकलं की हेच. (थोरल्या स्वरालीच्या वेळी असं नव्हतं.) मी पाणी पिणं कमी केलं, हळदीकुंकवाला जाणं सोडलं, तुमच्या भावाच्या गमतीवर तोंड फिरवायला लागले. ते बिचारे समजले, बायको रुसली, म्हणून पेढे आणू लागले. (पेढे मी खाल्ले.)

शेवटी बाळाला लस टोचायला बारामतीला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंपुढं रडूच आलं. त्या म्हणाल्या, "अगं, लाजतेस काय? बाळंतपणात खालचे स्नायू ढिले पडतात. लघवी अडवतो तसं आतून आवळायचं, हळूहळू दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. श्वास कोंडायचा नाही. आणि पाणी पी भरपूर." दोन महिने रोज करते आहे. पुष्कळ फरक आहे.

परवा भाकरी थापताना मोजत होते, तर आत्याबाई म्हणाल्या, "काय मोजतीस गं? भाकरी तर चारच हायत्या." सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी तवा खाली उतरवला. "माझं तर अंगच बाहीर येतंय. सिंधीच्या येळंपास्नं. बाराव्या दिशी उसाच्या मोळ्या उचलल्या व्हत्या." एकोणतीस वर्षं, वन्सं! फडकं बांधून बाईनं संसार केला, कुणाला कळू दिलं नाही. दोघी चुलीपुढं रडलो. भाकरी करपली.

तुमची,
रोहिणी

ता. क. गर्भाची पिशवी अशी खाली उतरली तरी त्यावरही इलाज आहे म्हणतात, पण आत्याबाई डॉक्टरीणबाईंकडं यायला तयार नाहीत. "सुनंसंगं असल्या कामाला जाऊ व्हय? सिंधीला बोलीव." राग सोडा आणि मंगळवारी या.

आणखी एक. पत्र त्यांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "सिंधीच्या येळंचं तेवढं खोड. पोरीला वाटंल, तिच्या पायी झालं." मी खोडलं म्हणून सांगितलं. आत्याबाईंना वाचता येत नाही.