दगडातला तुझा हात

आये, तुला अक्षर येत नव्हतं, आणि आलं असतं तरी हा कागद तुझ्यापर्यंत कोण नेणार? तरी लिहिते आहे, कारण या झोपडीत मोठ्यानं रडायची सोय नाही. मध्ये तुझी नात निजली आहे. अंग तापानं फणफणलं आहे आणि काखेत गाठ आली आहे. कल्याणात प्लेग शिरला तेव्हा आम्ही घराला कुलूप लावलं आणि खडवलीच्या पलीकडे, आपल्या गावी पळून आलो. इथं येऊन बघतो तर अख्खं गाव घरं सोडून माळावर कुडाच्या झोपड्यांत राहायला आलेलं. तुझा जावई शाळामास्तर. मला लिहायला-वाचायला त्यानंच शिकवलं. देवाधर्माचं काही निघालं की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, पण आज पोरीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत मुकाट बसला आहे. तू असतीस तर त्याला उठवून स्वतः बसली असतीस, आणि मला म्हणाली असतीस, रडतेस काय, चूल पेटव. चूल पेटवली आहे गं. पुढं काय करायचं ते मला कोणी सांगत नाही.

वेशीतला तो दगड उभा राहिला ते दिवस मला आठवतात. आपल्या गावातले चौघे पलटणीत होते, त्यांना काबूलच्या लढाईवर नेलं. बाबा त्यांतले एक. परत आला तो त्यांतला चौथा, एकटाच, लंगडत. दोघांना डोळ्यांदेखत मरताना पाहिलं, असं त्यानं पारावर बसून सांगितलं. बाबांचं विचारलं तर म्हणाला, "पळापळ झाली, त्यात कुठं गेला ते नाय कललं." एवढ्या एका वाक्यावर तू उरलेला जन्म काढलास. पण गावाला गप्प बसवेना. आपली माणसं परमुलखात पडली, ना कोणी अग्नी दिला, ना तोंडात पाणी घातलं, निदान वेशीत त्यांचा दगड तरी असावा, असं सगळ्यांचं ठरलं. आणि गाव खरंच राबलं, आये, ते नाकारता येणार नाही. नदीकाठचा काळा दगड लाकडी घसरणीवर चढवून बैलांनी ओढत आणला, चढावर बैल बसले तेव्हा माणसांनी दोर खांद्यावर घेतले. बायका भाकऱ्या पोचवत होत्या, तूही पोचवत होतीस. फक्त दगडावर तिघे काढायचे म्हटल्यावर तू पाटलांपुढं जाऊन उभी राहिलीस. "दोघंच काढा. माझा मानूस जिता हाय." पाटील बिचारे सभ्य, खाली बघून म्हणाले, "वहिनी, मानाची जागा हाय. तो आला तर आपुन त्याचा दगड त्यालाच दावू." लोक हसले. तूही थोडी हसलीस असं मला वाटतं.

पाथरवट परगावचा होता. त्यानं विचारलं, कसा काढू? कोणाला काय ठाऊक! वेशीबाहेर एक जुनापुराणा वीराचा दगड अर्धा मातीत उभा होता, तो दाखवून सगळे म्हणाले, असाच काढ. त्यानं हुबेहूब तसाच काढला. खाली तलवारी उपसलेले वीर, वर पिंडीची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. आणि जुन्या दगडावर कडेला कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात होता, तोही काढला. आपल्या गावानं तो हात पिढ्यान् पिढ्या बघितला होता, पण तो कशाचा हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. शोभेचा असेल, संपलं. स्थापनेच्या सकाळी गुरवानं दगडाला शेंदूर लावला, नारळ फुटले. मग वरच्या गावाहून गुरवाची म्हातारी मावशी आली, तिनं दगडाला हात जोडले आणि त्या बांगड्यांच्या हाताकडं बोट करून विचारलं, "सतीचा हात हाय ह्यो. ह्यातल्या कोनाची बायको सती गेली गो?"

पडलेले दोघे बिनलग्नाचे होते. मग एकेक मान तुझ्याकडं वळली. तू हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होतीस, मी तुझा पदर धरून. तू त्या हाताकडं पाहिलंस आणि मग आपल्या हाताकडं. पाथरवट रडकुंडीला आला, छिन्नी घेऊन धावला, पण गुरव आडवा पडला. शेंदूर लागला, आता तो देव झाला, देवावर घाव घालता येत नाही. गाव तुझ्या नवऱ्याला मान द्यायला गेलं आणि तुला चितेवर चढवून मोकळं झालं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. त्याचाच मला जास्त राग येतो, कारण शिव्या द्यायला कोणी सापडत नाही.

त्यानंतर काय झालं ते तुला सांगायला नको. बायका त्या हातापुढं बांगड्या वाहू लागल्या. पोर आजारी पडलं, बांगडी. गाय हरवली, बांगडी. आणि तुझा खरा हात मात्र कोणी ओटी भरायला बोलावीना, कारण तू सवाष्ण की विधवा हे कोणालाच सांगता येईना. एकदा मैत्रिणींच्या नादानं मीही एक फुटकी बांगडी तिथं ठेवली. तू दंडाला धरून मला फरफटत घरी आणलंस, चुलीपुढं बसवलंस, आणि पिठानं माखलेला हात माझ्या डोळ्यांपुढं धरलास. "ह्यो माझा हात. भाकर थापतो तो. त्या धोंड्यात मी नाय. मी मेल्यावर बी तिथं बांगडी वाह्यलीस तर माझी लेक नव्हं." मी ते पाळलं, आये. माझ्या लग्नात पाळलं, तू गेलीस तेव्हा पाळलं. हिच्या वेळच्या बाळंतपणात माझा जीव जायची वेळ आली, तेव्हाही पाळलं.

आज दुपारी पोरीनं मला ओळखलं नाही. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "आई कुठं गेली?" मी नवऱ्याकडं पाहिलं. त्याला तुझी सगळी कहाणी माहीत आहे, त्या दगडाला तो अडाणीपणाचा खांब म्हणतो. तो खालच्या मानेनंच म्हणाला, "जाऊन ये. मी बसतो हिच्यापाशी."

गावात चिटपाखरू नव्हतं. घरांना कुलपं, वेशीत ऊन, आणि दगडापुढं जुन्या बांगड्यांच्या काचा. गुरवही माळावर, त्यामुळं शेंदूर उडालेला आणि तुझा हात उघडा पडलेला. कासार गावात फिरकत नाही, म्हणून मी माझ्याच हातातली एक काढली. वाहिली. सतीआईचं नाव घ्यायचं असतं, ते ओठांवर येईना. मी तुला हाक मारली. मग त्या हातावर हात ठेवला. दगड उन्हानं तापला होता, आणि मला ती ऊब तुझी वाटली. मी बराच वेळ तो हात सोडला नाही.

तू तिथं नाहीस हे मला अजूनही ठाऊक आहे. ताप उतरलेला नाही. हा कागद मी चुलीत घालणार आहे, तुला कळू नये म्हणून. पण उद्या मी पुन्हा जाणार आहे, आये. दुसरी बांगडी आत्ताच काढून ठेवली आहे.